झ्यूसच्या घरातली भानगड

"ताई, एक सांगू का? पण कुणाला बोलू नका."

हे वाक्य कानावर आलं की मी नळाची तोटी बारीक करते. नाहीतर पाण्याच्या आवाजात अर्धी बातमी वाहून जाते. त्या दिवशी उजनीचं पाणी आलं होतं, म्हणजे सगळी गल्ली दारात, पाइप हातात आणि कान मोकळे. शेजारच्या वहिनींनी भिंतीवर कोपर टेकलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अक्काची सून बिघडली."

"म्हणजे?"

"पहाटं चारला उठायली. कानात ते दोरीवालं घालती आन् ओट्यावर बसून एकटीच बोलती. परवा मी दुधाला निघाले, तर ही आपली 'हेरा, हेरा' करायली. मला वाटलं कुत्र्याला हाक मारायली. आमच्या गल्लीत हेरा नावाचं कुत्रं हाय का?"

"नाही बाई."

"मग? कुणीतरी म्हणलं, कसल्या तरी पंथात गेली. गोरा माणूस दिसतो म्हणे मोबाईलवर. टाय बांधलेला."

मी म्हटलं, टाय बांधलेला माणूस पंथातला नसतो, विम्यातला असतो. पण वहिनींचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. धाराशिवच्या तांबरी विभागात एवढी वर्षं राहतेय, पहाटे चारला उठून कुणी चांगली बातमी केलेली मला आठवत नाही.

तेवढ्यात सूनच कपडे वाळत घालायला आली. वहिनींनी लगेच चेहरा बदलला, माझा मात्र बदलायचा राहिला. मग विचारूनच टाकलं, "काय गं, पहाटे कुणाचं ऐकतेस?"

"कॉलेज करतेय काकू."

"परत? बी.ए. झालंय की तुझं."

"हे वेगळं. ग्रीक लोकांच्या देवांच्या गोष्टी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा कोर्स आहे, पीटर स्ट्रक नावाचे प्राध्यापक शिकवतात. कोर्सेरावर २०१२ मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुला केला. होमरचं ओडिसी आहे, हेसिअड आहे, सोफोक्लीसची नाटकं आहेत, शेवटी रोमचे व्हर्जिल आणि ओव्हिड. पोरगं उठायच्या आत एक भाषण ऐकून होतं."

"आन् ती हेरा?" वहिनी.

"देवांच्या राजाची बायको. झ्यूसची."

"आसं होय," वहिनी म्हणाल्या. पंथाची बातमी गेली म्हणून त्या जरा हिरमुसल्या. पण झ्यूस काय काय करायचा हे सुनेनं दोन वाक्यांत सांगितलं आणि वहिनी परत भिंतीला चिकटल्या. बैल होऊन एका राजकन्येला पळवलं, हंस होऊन दुसरीकडं गेला, सोन्याच्या पावसाचं रूप घेऊन तिसरीच्या कोठडीत उतरला. हेरा बिचारी नवऱ्याला काही करू शकायची नाही, म्हणून त्या बायकांच्याच मागं लागायची.

"हे तर घरोघर हाय," वहिनी म्हणाल्या. "राग नवऱ्याचा आन् वटवट दुसरीवर."

इतक्यात अक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे सुनेची सासू. माहेर तेर, सासर धाराशिव, आणि मंगळवारचा उपास गेल्या कित्येक वर्षांत चुकलेला नाही. तुळजापूर इथून पंचवीस किलोमीटरच्या आतलं, त्यामुळं जमेल त्या पौर्णिमेला दर्शन ठरलेलं. मला वाटलं, आता सुनेची हजेरी घेतली जाणार. पण अक्कांनी पायरीवर बसून पदर सावरला आणि फर्मान सोडलं, "त्या पोरीचं सांग. काल अर्धं ठेवलंस. मी रात्रभर त्याच विचारात."

म्हणजे सासूला सगळं ठाऊक होतं. आम्हीच मागं.

पुढं जे ऐकलं ते मी तिथल्या तिथं जमेल तसं डोक्यात साठवलं, कारण वहिनी ते गल्लीत वेगळंच सांगणार हे नक्की होतं.

डिमिटर ही धान्याची देवी. शेतात जे उगवतं ते तिच्या जिवावर. तिला एकच मुलगी, पर्सेफोनी. पोरगी मैत्रिणींबरोबर माळावर फुलं तोडत होती, तर जमीन फाटली आणि पाताळाचा राजा हेडीस रथातून वर आला. पोरीला उचललं आणि गेला.

"पोलिसात?" वहिनी.

"बापाला विचारूनच नेली होती. बाप म्हणजे झ्यूस. त्यानं आधीच शब्द दिला होता. आईला कुणी सांगितलंच नाही."

यावर तिघीही गप्प झालो. बापानं परस्पर ठरवलेलं लग्न आणि आईला शेवटी कळणं, यात ग्रीक काय आणि मराठवाडी काय. अक्कांनी फक्त एवढं विचारलं, "आन् हा हेडीस कोण? कुठल्या घरचा?"

"झ्यूसचा भाऊ. डिमिटरचाही भाऊच."

"म्हणजे पोरीचा मामा?"

"हो. आणि काकाही."

मला वाटलं आता अक्का कानावर हात ठेवतील. वर्गातली इतर मुलं या ठिकाणी अस्वस्थ होतात, असं सून म्हणाली. आमच्याकडं कुणी अस्वस्थ झालं नाही. सोलापूर, धाराशिव, पलीकडं कर्नाटक, या पट्ट्यात सख्ख्या मामाला पोरगी देण्याची रीत कित्येक घरांत होती, अजूनही आहे. अक्का म्हणाल्या, "मामाला दिली ह्यात काय वंगाळ नाही. पळवली ते वंगाळ." आणि मग त्यांच्या डोक्यात नात्याचा गुंता सुटायला लागला. "थांब. हेडीसची आई कोण?"

"रिया."

"आन् डिमिटरची?"

"रियाच."

"म्हणजे पोरीची सासू तिची आजीच की गं! मग सासुरवास कसला डोंबलाचा?"

हा मुद्दा पेनसिल्व्हेनियात कुणी काढला असेल का, याची मला शंका आहे.

डिमिटरनं पोरीची हाक ऐकली आणि ती शोधायला निघाली. नऊ दिवस हिंडली. दोन्ही हातांत पेटते पलिते, पोटात अन्नाचा कण नाही, अंगावर पाणी नाही. होमरच्या नावावर जी जुनी स्तोत्रं आहेत त्यात हे असंच आहे, नऊ दिवसच.

अक्का एकदम ताठ बसल्या. "नऊ दिवस उपाशी? हातात पोत?"

"पोतच म्हणा."

"मग ही आपलीच."

मी काही विदुषी नाही, पण इथं माझं मत सांगते. ही बाई तुळजापूरची नव्हे आणि तुळजापूरची देवी तिकडून आलेली नव्हे. आपल्याकडचे नऊ दिवस महिषासुराशी लढायचे आहेत, तिच्याकडचे पोरीला शोधायचे. तरीपण नवरात्रात आराधी बायका पोत घेऊन निघतात, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, दारोदार जोगवा; आणि तिकडं एक आई पलिते घेऊन रानोमाळ. अक्कांना यातला फरक सांगायला गेले असते तर त्यांनी मला पायरीवरून उठवलं असतं. त्यांना ओळख पटली होती. ओळख पटायला वंशावळ जुळावीच लागते असं नाही.

हिंडून हिंडून डिमिटर म्हाताऱ्या बाईचं सोंग घेऊन एल्युसिस नावाच्या गावी आली आणि विहिरीपाशी बसली. गावच्या राजाच्या पोरी घागरी घेऊन पाण्याला आल्या आणि विचारायला लागल्या, आजी कुठल्या तुम्ही, इथं बाहेरच का बसलात, गावात का येत नाही.

"बघा!" वहिनींनी माझ्या हातावर चापट मारली. "पाण्याच्या जागी बातमी मिळतीच."

म्हातारीनं साफ खोटं सांगितलं. क्रीट बेटावरची आहे, चाच्यांनी पळवून आणलं, कसंबसं सुटले. पोरींना कळवळा आला, घरी नेलं. घरात लहान बाळ होतं, ते सांभाळायला ठेवलं. पण म्हातारी बोलेना, हसेना, काही खाईना. द्राक्षाची दारू दिली तर नको म्हणाली. सातूचं पीठ पाण्यात कालवून, त्यात पुदिना घालून द्या म्हणाली.

"सातूचं पीठ!" अक्का. "उन्हाळ्यात आमची आई बी तेच द्यायची. गूळ घालून."

आणि त्या घरात इयाम्बी नावाची एक कामवाली होती. तिनं अशा काही चावट गोष्टी सांगायला सुरुवात केली की त्या दुःखात बुडालेल्या देवीला हसू फुटलं. मग तिनं ते पीठ प्यायलं. हा भाग वहिनींनी दोनदा सांगायला लावला. देवांनी जे केलं नाही, बापानं केलं नाही, ते एका बडबड्या बाईनं केलं, हे त्यांना फार पटलं. मला तेव्हाच कळलं की ही गोष्ट आता त्यांच्या वतीनं साक्ष द्यायला कायम हजर राहणार.

मग देवी चिडली. खरी चिडली. बी जमिनीत दडवून ठेवलं. बैलांनी नांगर ओढले, पेरणी झाली, एक कोंब वर आला नाही.

"दुबार पेरणी केली का त्यांनी?" वहिनींचं माहेर भूमकडचं, शेतीचं.

"कितीदाही केली तरी उगवत नव्हतं."

"पंचनामा?"

"पंचनामा करायला झ्यूसच होता वर. माणसं मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार, या भीतीनं तो घाबरला. एकामागून एक देव पाठवले समजूत काढायला. ती म्हणाली, पोरगी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक दाणा वर येऊ देणार नाही."

यावर अक्का खूप वेळ काही बोलल्या नाहीत. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी बघितलाय. खडी फोडायला गेलेल्या बायका बघितल्यात, सुकडी खाल्लीय. बी जमिनीत राहणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मग म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं. सरकारला अडवायचं तर धान्यातच अडवायचं."

शेवटी तडजोड झाली. पोरगी परत येणार. पण निघताना हेडीसनं तिला डाळिंबाचा दाणा खायला घातला होता. पाताळातलं अन्न पोटात गेलं की पाताळाचा हक्क लागतो. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा खाली आणि दोन हिस्से आईकडं. आणि हा निरोप घेऊन समजूत काढायला कोण आलं? रिया. म्हणजे आजी. म्हणजे सासू.

"चार महिने सासरी," वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या, "आन् आठ महिने माहेरी?"

"हो."

"आठ महिने! मला दिवाळीचे चार दिवस मिळायचे न्हाईत. तेबी भावानं न्यायला यायचं, दोनदा हेलपाटा घालायचा, मग सासरे 'बघू' म्हणायचे."

"सासू आजी असली की असं होतं," अक्का म्हणाल्या, आणि सुनेकडं बघितलं. सुनेनं चिमटा दोरीला लावला. त्या घरात पुढं त्या दिवशी माहेरचा विषय निघाला की नाही, ते मला कळलं नाही. वहिनींना कळलं असेल.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती ऐकून वहिनी अक्षरशः हादरल्या. एल्युसिसला या देवीची पुढं हजारभर वर्षं मोठी जत्रा भरायची. अथेन्सहून लोक चालत जायचे. ज्यांना आत घेतलं जायचं त्यांना शपथ असायची, आत जे बघितलं ते बाहेर बोलायचं नाही. बाई असो, पुरुष असो, गुलाम असो. आणि आत नेमकं काय दाखवायचे ते आजपर्यंत पुरतं कळलेलं नाही.

"हजार वर्षं?" वहिनी.

"त्याहून जास्तच."

"एकीनंबी सांगितलं न्हाई?"

"नाही."

वहिनींनी भिंतीवरचं कोपर काढून घेतलं. त्यांच्या दृष्टीनं ग्रीक लोकांचा यापेक्षा मोठा पराक्रम असूच शकत नव्हता. ट्रॉयचं युद्ध वगैरे ठीक आहे.

पाणी जायला आलं होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. अक्कांनी त्यांच्या पद्धतीनं पुढचा प्रश्न विचारला. "आता भरती का जत्रा?"

"नाही आत्या. चौथ्या शतकाच्या शेवटी थिओडोसियस नावाचा रोमचा बादशहा होता, ख्रिस्ती. त्यानं जुन्या देवांची पूजा बंद केली. थोड्याच वर्षांत एल्युसिसचं देऊळ पण लुटलं गेलं."

"मग त्या देवीला आता नैवेद्य कोण दाखवतं?"

"कुणी नाही."

"म्हणून तिच्यावर परीक्षा घ्यायलेत."

सून हसली, मी हसले, पण मला ते वाक्य पुढं बरेच दिवस टोचत राहिलं. आमच्या आईवर, तुळजाभवानीवर, कुणी अमेरिकेत कोर्स काढला तर? काढलेही असतील. प्रश्नपत्रिकेत येईल, कर्दम ऋषींची बायको अनुभूती, कुकुर नावाचा दैत्य, देवी त्वरेनं धावून आली म्हणून त्वरिता, तिचीच तुळजा. दहापैकी दहा मार्क. पण भाद्रपदात देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात तेव्हा तुळजापुरात काय होतं, ते त्या उत्तरात कसं लिहिणार?

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, जागेवरून हलवता येते. वर्षात तीन वेळा ती झोपते. घटस्थापनेच्या आधी घोर निद्रा. नऊ दिवसांच्या लढाईनंतर, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की श्रम निद्रा, ती कोजागिरीपर्यंत. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. दसऱ्याच्या झोपेचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची, आणि ते आणण्याचा मान पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या घराण्यांकडं. देवी निजली की अक्का स्वतः गादीवर झोपत नाहीत. आई जमिनीला टेकलीय म्हणतात. ती पलंगावर असते, हे मी एकदा त्यांना सांगून बघितलं होतं. त्याचा काही उपयोग नाही.

सुनेनं आपल्या निबंधाला हाच विषय घेतला होता. एक देवी पोरीच्या विरहात काम थांबवते आणि रान वाळतं. दुसरी दमते म्हणून झोपते आणि सगळा मुलूख हळू बोलतो. मला हा विषय आवडला. पण त्यात गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त मास्तर. ते फाटकापर्यंत कधी आले ते कळलं नाही. "सगळं आपलंच आहे," त्यांनी सुरुवात केली. "इथूनच तिकडं गेलं. विदिशाला गरुडस्तंभ आहे. हेलिओडोरस नावाच्या यवन राजदूतानं उभारला, वासुदेवासाठी. ख्रिस्ताच्या आधी शंभरेक वर्षं. मग? कोण कुणाकडून शिकलं?"

स्तंभाचं खरं आहे. पण एका राजदूतानं इथं येऊन वासुदेवाची भक्ती केली म्हणून होमरनं महाभारत ऐकलं होतं असं होत नाही. सून ते सरळ म्हणाली नाही, मोठ्या माणसाला कोण म्हणतं. ती म्हणाली, "गुरुजी, इकडं आलेले यवन इथलेच होऊन गेले. कार्ल्याच्या लेण्यात किती खांबांवर 'धेनुकाकटचा यवन' असं कोरलंय. नाशिकच्या लेण्यात एक इंद्राग्निदत्त आहे, तोही यवन. जुन्नरला आहेत. नावं आपली, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला. त्यांनी झ्यूसचं नावसुद्धा काढलेलं नाही."

"मग झ्यूस आलाच नाही का इकडं?" मी विचारलं.

"त्याचा भाऊ आला. समुद्राचा देव, पोसायडन. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर त्याची काशाची मूर्ती सापडली, आता तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. लहानशीच आहे."

"कोल्हापुरात समुद्र कुठाय?" वहिनी.

"सामानाबरोबर आला. भांडी, आरसे, तशीच ती मूर्ती."

गुरुजी सामानावर यायला तयार नव्हते. त्यांना तत्त्वज्ञान हवं होतं. पण खरी गंमत सामानातच आहे, आणि ती अक्कांच्या माहेरची आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वही लिहिली. पेरिप्लस म्हणतात तिला. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तगरहून साधं कापड भरपूर येतं, तऱ्हतऱ्हेची मलमल येते, आणि हे सगळं गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातं.

"रस्त्याचं त्यानं खरं लिहिलं," वहिनी म्हणाल्या. "अजून तसाच हाय."

हे तगर कुठलं, यावर विद्वानांत बरंच चाललं. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचं नाव सुचवलं. शिलाहार राजे तर आपल्याला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, म्हणजे गाव नावाजलेलं होतं, फक्त सापडत नव्हतं. १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं दाखवून दिलं की हे आपलं तेर. गोरोबाकाकांचं तेर. इथून वीसेक किलोमीटर.

अक्का म्हणाल्या, "त्यात दाखवायचं काय? आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आणि खरंच त्या सांगू शकल्या असत्या. तेरच्या टेकाडांवर जोराचा पाऊस पडून गेला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या उघड्या पडायच्या. अक्का लहानपणी त्या मण्यांनी खेळल्यात. गावातले रामलिंगप्पा लामतुरे मात्र असं जे सापडेल ते जपून ठेवत गेले. व्यापारी माणूस, पण नाद लागला. हजारो वस्तू जमवल्या आणि पुढं सरकारच्या स्वाधीन केल्या. आज तेरचं संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. तिथल्या पांढऱ्या बाहुल्या दोन साच्यांत दाबून, मधून जोडून केलेल्या, आतून पोकळ. ही रीत रोमकडून आली असावी असं अभ्यासक म्हणतात. आणि एक हस्तिदंताची बाई आहे, छोटीशी. तशीच एक बाई इटलीत पाँपेईला सापडली, १९३८ मध्ये. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच इकडून तिकडं पोचली होती.

"कुणाच्या तरी घरी आरशाचा दांडा होती म्हणे, नाहीतर टेबलाचा पाय," सून म्हणाली.

"आपली बाई, त्यांच्या टेबलाचा पाय?" गुरुजी दुखावले.

"दागिने बघ की तिचे," अक्का म्हणाल्या. मोबाईल त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता. "पायांत केवढं घातलंय. सासरी नांदली ती."

मग त्यांनी विचारलं की त्या व्यापाऱ्यानं आमच्या देवीचं काही लिहिलं का. सुनेनं सांगितलं, तगरच्या देवाधर्माचा एक शब्द नाही, नुसतं कापड. तुळजापूरचं आत्ताचं देऊळही तेवढं जुनं नाही. पण तोच माणूस खाली कन्याकुमारीचं सांगताना थांबतो आणि लिहितो की इथं एक देवी राहायची, ती इथं स्नान करायची अशी गोष्ट आहे, म्हणून बायका-पुरुष येऊन आंघोळ करतात आणि व्रत घेतात.

"ते बंदर हाय म्हणून," अक्का म्हणाल्या. "जहाजातून दिसलं. इथवर तो आलाच नसणार. गाडीवाल्याकडून ऐकून लिहिलं. आला असता तर लिहिलं असतं."

हा निष्कर्ष मला गुरुजींच्या गरुडस्तंभापेक्षा भक्कम वाटला. पेरिप्लसवाला बंदरांचं डोळ्यांनी बघितल्यासारखं लिहितो आणि आतल्या मुलखाचं दोन ओळींत उरकतो, हे त्याची वही वाचताना कुणालाही जाणवतं.

बाकीचं पटापट झालं. अराक्नी नावाच्या विणकरणीनं अथीना देवीशी हातमागावर पैज लावली, देवांच्या सगळ्या भानगडी कापडात विणून दाखवल्या आणि कोळीण होऊन बसली. अक्का म्हणाल्या, तेरच्या साळ्याशी पैज लावली असती तर देवीच हरली असती. ओयदिपौसची गोष्ट सुनेनं सुरू केली आणि गुरुजी समोर आहेत हे लक्षात येऊन थांबवली. गुरुजीच म्हणाले, "पु.लं.नी मराठीत आणलंय ते, 'राजा ओयदिपौस'. मी वाचलंय." पण काय वाचलं ते त्यांनीही सांगितलं नाही. वहिनींनी नंतर सुनेला एकटीला गाठून ती गोष्ट काढून घेतली आणि दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे. मी विश्वास ठेवत नाही.

निबंध पाठवून झाला. आता तो तपासणार कोण, हा अक्कांचा प्रश्न. सून म्हणाली, वर्गातलेच इतर विद्यार्थी तपासतात, आपणही त्यांचे तपासायचे.

"पोरांनी पोरांचे पेपर? मग सगळे पास."

तसं झालं नाही. कुठल्या देशातला कोण जाणे, एकानं चांगले मार्क दिले, दुसऱ्यानं एक कापला. कारण लिहिलं होतं की लेखिकेनं भवानीबद्दल सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, देवी झोपते, देवी उठते. पुराणकथेबद्दल लिहिताना असं चालतं का, की लोक खरोखर आजही असं करतात?

सुनेनं हे वाचून दाखवलं तेव्हा पुन्हा पाण्याचा दिवस होता आणि आम्ही सगळ्या आपापल्या जागी होतो. अक्कांना मार्क कापल्याचं काही नव्हतं. त्यांना त्या माणसाची काळजी वाटली.

"लिही त्याला," त्या म्हणाल्या. "कोजागिरीला ये म्हणावं. आई त्या दिवशी उठती. सोलापूरपर्यंत रेल्वे हाय, तिथनं चालत. रात्रभर माणूस चालतं, रस्ता चुकायचं कारण नाही. जेवायला वाटेत देतात."

"आत्या, तिथं असं लिहायची सोय नाही."

"मग जिथं सोय हाय तिथं लिही. आन् पायांत जाड मोजे घाल म्हणावं, नवीन बूट घालू नको, फोड येतात."

"ताई," वहिनी भिंतीवरून हळूच म्हणाल्या, "हा गोरा खरंच आला तर उतरणार कुणाकडं?"